धुऱ्यावर पुरलेला मेणाचा ठोकळा

मित्रांनो, मी मेणाचा एक जुना ठोकळा आहे. काडेपेटीहून लहान, पाठीला गुलाबी प्लास्टिकची जाळी आणि जाळीच्या कडेवर पेन्सिलीने लिहिलेला नंबर. दवाखान्यात मला ब्लॉक म्हणतात. मेण म्हटलं की तुम्हाला मेणबत्ती आठवेल, पण माझ्यात वात नाही. माझ्या पोटात सुंदराबाईंच्या फुप्फुसाचा एक तुकडा आहे, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. ती बाई आजही जिवंत आहे आणि नाचणगावच्या वावरात वांगी तोडते आहे. म्हणजे मी तिचं भूतही नाही. मग मी कोण, हा प्रश्न मला इतकी वर्षं छळतो आहे.

माझा जन्म वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर झाला. सुंदराबाई तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या. तंबाखूला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. तरी चार महिने खोकला हटेना, म्हणून छातीचा फोटो काढला, तर डाव्या फुप्फुसात गाठ. डॉक्टरांनी ती कापून काढली आणि बरणीत घालून खाली पाठवली. तिथे योगेंद्रभाऊ नावाचे एक तिरसट गृहस्थ काम करतात. त्यांनी गाठीचा एक तुकडा कापला, नाकाला झोंबणाऱ्या पाण्यात आणि स्पिरिटात बुडवला आणि शेवटी कढत मेण ओतून थंड केला. मग यंत्रावर धरून माझे कागदाहून पातळ काप काढले. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "झकास बसला." मित्रांनो, माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं कौतुक, आणि बरेच दिवस तेच शेवटचं होतं.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. माझ्या पोटातला तुकडा साधासुधा नाही, तो कॅन्सरचा आहे. म्हणजे ज्या घरात जन्मलो त्याच घरातला मी चोर. सांगताना लाज वाटते. पण स्वतःची कथा सांगायला बसायचं आणि नेमकं तेवढंच गाळायचं, हे काही बरं नाही.

सुंदराबाईंचे यजमान रूपराव यांनी नागपूरच्या डॉक्टरांचंही मत घ्यायचं ठरवलं. त्यासाठी वहीत सही करून त्यांनी मला ताब्यात घेतलं. मी एका प्लास्टिकच्या पिशवीत होतो, सोबत माझे काप लावलेल्या काचा होत्या. रूपरावांनी मला आतल्या खिशात ठेवलं आणि बसमध्ये सगळ्या वाटेने खिशावर हात धरून बसले. त्यांचं काळीज माझ्या पाठीशीच धडधडत होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी बघितलं, वर्ध्याच्या डॉक्टरांचं बरोबर आहे म्हणाले आणि मला परत केलं. परतताना उशीर झाला, वर्ध्याची खिडकी बंद झाली होती. उद्या देऊ म्हणून रूपराव मला घरी घेऊन गेले. तिथेच सगळं बिघडलं.

घरात रूपरावांच्या मोठ्या बहीण होत्या, प्रमिलाबाई. आई लहानपणीच गेली, तेव्हा रूपरावांना यांनीच वाढवलं. घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी फडताळात मला पाहिलं.

"काय आणलं बा हे?"

"सुंदराच्या गाठीचा तुकडा हाय बाई. वर्ध्याले वापस द्यायचा हाय."

प्रमिलाबाई दोन पावलं मागे सरल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे डाक्टरनं रोग बाहेर काढला, अन् तू खिशात घालून घरात आणला?"

रूपराव बारावी शिकलेले. फवारणीच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय ते औषध हातात घेत नसत. पण आपल्या माणसाच्या जिवावर बेतलं की शिकलेलं माणूसही भांबावतं. बहिणीच्या बोलण्यात काही चूक आहे, असं त्यांना त्या घटकेला वाटलंच नाही. मला तरी कुठे वाटलं? मी खरंच तिचा रोग होतो.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला माझा उतारा झाला. उतारा म्हणजे आजारी माणसावरून एखादी वस्तू ओवाळायची आणि शिवेवर नेऊन टाकायची, की पीडा तिच्याबरोबर जाते, अशी समजूत. प्रमिलाबाईंनी मला पिशवीसकट मातीच्या बोळक्यात घातलं. वर मीठ, पाच लाल मिरच्या, चिरलेलं लिंबू, मूठभर काळे उडीद. फडक्याने तोंड बांधलं आणि चिखलाने लिंपलं. सुंदराबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या, छातीला पट्टी होती. बोळक्यात काय आहे ते त्यांना कुणी सांगितलं नाही. सात वेळा मी त्यांच्या डोक्याभोवती फिरलो. मित्रांनो, सातही वेळा मला त्यांचा श्वास ऐकू आला, आणि तो श्वास मला ओळखीचा वाटला.

"धुऱ्यावर गाडजो," प्रमिलाबाई भावाला म्हणाल्या. "मांगं पाहू नको. जागा कोनाले सांगू नको. सांगतलं तं फिरून येते. अन् ज्यानं उकरलं, त्याच्यावर बसते."

धुरा म्हणजे वावराचा बांध. रूपरावांनी बोरीच्या झाडाखाली हातभर खोल खड्डा केला, मला ठेवलं, माती लोटली आणि ते मागे न बघता गेले. मी त्यांच्या वहाणांचा आवाज ऐकत राहिलो. तो लवकरच थांबला.

जमिनीखाली काळ कसा जातो, ते सांगता येणं कठीण आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडत आणि वरचं सगळं ऐकू येई. पावसाळ्यात भेगा बुजत, मग फक्त माझाच आवाज, म्हणजे काहीच नाही. सुंदराबाई बऱ्या झाल्या आणि वावरात यायला लागल्या. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला पुलगावच्या बाजारात जात असे. वर त्या गुणगुणत आणि खाली मी पडलेला. त्यांच्या प्रत्येक श्वासाबरोबर मलाही श्वास घ्यावासा वाटे. माझ्या पोटात श्वासाच्या बारीक पोकळ्या आहेत, पण त्यांत आता मेण भरलंय.

एकदा त्या जेवायला बोरीखाली बसल्या. बरोबर माझ्या डोक्यावर. फडक्यातली भाकर सोडतात तोच रूपराव धावत आले.

"उठ तिथून! दुसरी जागा नाई काय तुले?"

"काऊन जी? सावली हाय ना इथं."

"इंचू निंगाला होता तिथं."

सुंदराबाई उठल्या. पण त्या खुळ्या नव्हत्या. बोरीभोवतीचा दहा हात तुकडा नवरा नांगरत नाही, तिथे पाणी देत नाही आणि त्या बोरीची बोरंही तोडू देत नाही, हे त्या बघत होत्या. विचारलं की रूपराव म्हणत, मुरमाड जागा आहे. अहो, त्या वावरात औषधाला मुरूम सापडायचा नाही.

त्या गेल्या की रूपराव माझ्यापासून चार पावलांवर उकिडवे बसत आणि बोलत. कोणाला सांगायचं नाही असा नेम होता, पण ज्याला पुरलं त्याच्याशी बोलू नये, असं प्रमिलाबाईंनी सांगितलं नव्हतं. "आज चांगली होती," असं ते मला सांगत. "खोकली नाई आज." कधी नुसतंच म्हणत, "तिथंच राह्यजो बाप्पा." चार वर्षं मी त्यांचा देव होतो की भूत, कोण जाणे. मला मात्र त्यांची सवय झाली.

चौथ्या वर्षी होळीनंतर ते आले आणि उकिडवे न बसता उभेच राहिले. मग त्यांच्या बोलण्यातून कळलं. तपासणीत सुंदराबाईंच्या उजव्या फुप्फुसात मुगाच्या दाण्याएवढा ठिपका दिसला होता. सुई घालून कण काढला, तर पुन्हा कॅन्सर. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. हा ठिपका जुन्या गाठीतून सुटून आलेला असेल, तर आणखी कुठे कुठे पोचला असेल सांगता येत नाही, तेव्हा कापून उपयोग नाही. नवाच असेल, तर आत्ता कापून काढायचा, बाई वाचेल. दुर्बिणीखाली दोन्ही सारखेच दिसत होते. ओळख पटवायला जुना ब्लॉक हवा होता. आणि दवाखान्याच्या वहीत लिहिलेलं होतं, ब्लॉक व काचा रूपरावांच्या ताब्यात.

"बसमंदी हरवला म्हणून सांगतलं म्या," रूपराव मला म्हणाले.

मित्रांनो, त्या माणसाची दशा बघा. सांगावं तर त्यांच्या समजुतीने पीडा फिरून येणार. न सांगावं तर डॉक्टर तिला कापणार नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या तळाशी मीच. मला ओरडावंसं वाटलं, की अहो, मी कुठेही फिरून जात नाही, मला पाय नाहीत. पण तोंडही नाही.

दवाखान्यात मंजुषा नावाची एक तरुण डॉक्टर आहे. केळझरच्या शेतकऱ्याची मुलगी, आता पिपरी मेघेत खोली घेऊन राहते. फुप्फुसाच्या कॅन्सरमधलं मिथिलेशन हा तिच्या अभ्यासाचा विषय. तिने रूपरावांना बाकावर बसवून समजावलं होतं. ते सगळं त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं, जणू माझीच परवानगी घ्यायची होती.

ती म्हणाली होती, "भाऊ, तुमच्या वावरात पाट एकच असते ना? अन् वाफे पन्नास. पाणी कोण्या वाफ्यात जाऊ द्याचं अन् कोण्याचं तोंड बुजवाचं, हे तुमी ढेकूळ लावून ठरवता. शरीरातल्या पेशीचं तसंच. सगळ्याइच्यात डीएनए सारखाच, पण त्याच्यावर जागोजागी अशी बारीक ढेकळं बसवली राह्यतात. त्याले मिथिलेशन म्हणतात. कॅन्सरमंदी ढेकळं भलतीकडंच बसतात. वाढ थांबवणाऱ्या वाफ्याचं तोंड बुजून जाते, अन् नको तिथलं पाणी मोकळं सुटते. पण परत्येक गाठीची बुजवाची तऱ्हा वेगळी. जुनीतूनच नवी निंगाली असन, तं तऱ्हा बहुतेक तीच दिसते. दोन्ही गाठी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात."

हे ऐकून मी हादरलो. चार वर्षं मी स्वतःला पीडा समजत होतो. माझ्या पोटात ढेकळांची एक ठेवण आहे, मेणात जशीच्या तशी जपलेली, आणि ती कुणाला वाचता येते, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि मग दुसरी भीती वाटली. तो उजवीकडचा ठिपका माझंच पिल्लू असला तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपराव वांग्याला पाणी देत होते. पाण्याचा आवाज जवळ आला आणि थांबला. ते वाफ्यांच्या तोंडाशी उभे होते. ते स्वतः ढेकूळ लावतात आणि त्यावर टाच दाबतात. सुंदराबाई तळहाताने थापटतात, भाकर थापावी तसं. कुठला वाफा कोणी बुजवला, हे रूपराव लांबूनही सांगू शकत. त्या सकाळी ते तिचे हात उमटलेले वाफे बघत राहिले असावेत. नंतर ते बोरीकडे वळले आणि मला म्हणाले, "खरं बोलली ती पोरगी."

बुधवारी त्यांनी बहिणीला आणि बायकोला भाजी घेऊन पुलगावला धाडलं. भर दुपारी फावडं घेऊन ते आले. खणण्याआधी त्यांनी वहाणा काढल्या, डोक्यावरचा दुपट्टा काढला आणि हात जोडले.

"आता माह्यावर बस," ते म्हणाले. "तिले सोड. म्या उकरून राह्यलो, तं मलेच लाग."

मित्रांनो, त्या माणसाला खरोखर वाटत होतं की या फावड्यासरशी आपण आपलं मरण वर काढतो आहोत. तरी त्यांचा हात थांबला नाही. बोळकं फुटलं. माझ्यावर ऊन पडलं आणि चार वर्षांनी मला त्यांचा चेहरा दिसला. केस पार पिकले होते.

त्याच दिवशी मी योगेंद्रभाऊंच्या टेबलावर पोचलो. पुरल्याचं रूपरावांनी त्यांना खरं सांगितलं. पिशवी फाटली होती, सोबतच्या काचा फुटल्या होत्या, माझ्या एका कोपऱ्यावर बुरशी होती, जाळीत काळी माती गच्च बसली होती. योगेंद्रभाऊंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, तो बराच वेळ थांबला नाही. हा ब्लॉक आहे का बटाटा, असं त्यांनी विचारलं. पण बोलता बोलता त्यांनी मला बारीक ब्रशने तासभर साफ केलं. बुरशी वरवरचीच होती. वरचा थर गेला आणि आतला तुकडा शाबूत निघाला.

मग माझे पुन्हा काप निघाले आणि ते तपासणीला गेले. तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत सुंदराबाईंचा जीव टांगणीला होता, तसा माझाही. निकाल घेऊन मंजुषा कपाटापाशी आली आणि योगेंद्रभाऊंना म्हणाली, "हात वेगळा आहे, भाऊ. दोन्हींची ठेवण जुळत नाही. दुसरी गाठ नवी आहे."

ऑपरेशन झालं. सुंदराबाई वाचल्या. ती गाठ माझी कोणी नव्हती. मला किती सुटल्यासारखं वाटलं, ते मी कुणाला सांगणार?

तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट. माझी पण तशीच समजूत होती. पण रूपराव दर तीन महिन्यांनी बायकोला तपासणीला आणत आणि हळूच माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहत. आत पाय ठेवत नसत. "कपाटाले कुलूप हाय ना?" एवढं विचारून ते जात. दर खेपेला ते वाळलेले दिसत. एकदा खोकला आला, तर तोंडावर दुपट्टा दाबून पळत जिन्याकडे गेले. मला कळलं. ते वाट बघत होते. मी केव्हा त्यांच्यावर बसतो, याची ते रोज वाट बघत होते.

वर्ष झालं. त्या दिवशी सुंदराबाई एकट्याच खाली आल्या. रिपोर्टचा कागद घ्यायचा होता. योगेंद्रभाऊंना नाव वाचून आठवण झाली.

"तुम्हीच का त्या? काय बाई, तुमच्या वावरातली माती काढता काढता बोटं दुखली माझी."

"कोन्ती माती?"

योगेंद्रभाऊंना वाटलं बाईंना ठाऊक असेल. ते सांगून मोकळे झाले. जमिनीत पुरलेला होता, चार वर्षं, नवऱ्यानेच खणून आणला. सुंदराबाईंनी हातातला रिपोर्टचा कागद खाली ठेवला. बोरीखालचा न नांगरलेला तुकडा, तो विंचू, ते ओवाळलेलं बोळकं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. मग त्या म्हणाल्या, "म्हणून दुरून राह्यते तो मानूस."

मग त्या योगेंद्रभाऊंशी अशा बोलल्या, जसं माहेरच्या माणसाशी बोलावं. वर्षभर नवरा मळ्यातल्या खोपटात एकटा झोपतो. शेजारचं पोर मांडीवर घेत नाही. पाण्याचा गडवा वेगळा ठेवला आहे. "मले वाटलं, मायी शिसारी आली त्याले," त्या म्हणाल्या. "दोनदा छाती फाडलेली बाई. कोनाले आवडन? म्या वर्सभर पदर ओढून फिरून राह्यली." आणि त्या रडल्या. इतक्या दुखण्यात रडल्या नसतील तेवढ्या रडल्या.

योगेंद्रभाऊंनी, त्या तिरसट माणसाने, आपला पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. मग सुंदराबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मले पाहू द्या तो." नियमात बसत नव्हतं. योगेंद्रभाऊंनी कपाट उघडलं.

त्यांनी मला तळहातावर घेतलं. मित्रांनो, पाच वर्षांनी मी घरी आलो होतो. तोच हात, मातीने चिरा पडलेला. त्यांनी मला नीट पाहिलं, उलटून पाहिलं, आणि दारात गेल्या. रूपराव जिन्यापाशी बाकावर बसले होते. मला पाहून ते ताडकन उठले आणि भिंतीला टेकले.

"इकडं ये," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला एकेरी हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

"सुंदरा, ठेव ते. हात नोको लावू. तुले काई माहीत नाई."

"सब्बन माहीत हाय मले. हात पुढं कर."

रूपरावांचा हात पुढे येईना. सुंदराबाईंनीच तो ओढला, उघडला आणि मला त्यात ठेवलं. वर स्वतःचा हात ठेवला.

"हे मी आहो," त्या म्हणाल्या. "माह्याच छातीतलं हाय हे. चार वर्स मले मातीत गाडलं, अन् एक वर्स मले भेऊन दूर झोपला. तुह्या बहिणीनं सांगतलं असन, ज्यानं उकरलं त्याच्यावर बसते. मंग बसू दे ना. मीच बसीन. अठ्ठावीस वर्सं झाले तुह्या जिवाले लागून आहो, आता भेतं?"

रूपरावांची मूठ माझ्याभोवती मिटली. तिच्या उबेने माझी एक कड मऊ पडत होती. नंतर ते खाली बसले, मला छातीशी धरून, आणि दवाखान्यातली माणसं जात-येत असताना लहान मुलासारखे रडले. सुंदराबाई शेजारी बसल्या. जिना चढणाऱ्या एका म्हातारीने त्यांना विचारलं, कोण गेलं? सुंदराबाई म्हणाल्या, "कोनी नाई गेलं, आजी."

मित्रांनो, मी आता पुन्हा कपाटात आहे. माझ्यासारखे हजारो ठोकळे इथे आहेत, आणि प्रत्येकात कुणाच्या तरी घरचं माणूस आहे. आम्हाला जपून ठेवा. कधी कुणी आम्हाला घरी न्यायला दिलं, तर वेळेवर परत आणून द्या. आम्ही कुणावर बसत नाही. एवढंच नाही, आणखी एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी आजारी पडलं तर तुम्हाला भीती वाटेल. वाटू द्या. पण तिला कुठे नेऊन गाडू नका. ज्या माणसासाठी ती वाटते, त्याच्याच शेजारी बसा आणि त्याला सांगा. सुंदराबाईंचं आणि रूपरावांचं एक अख्खं वर्ष गेलं, ते मला मेणात घालून जपता आलं नाही.